साफ फ्रेम

मला सगळ्यात आधी राग आला तो दातांचा. साठी उलटलेली, जन्मभर मिसरी लावलेली बाई, तिच्या तोंडात एवढे पांढरेशुभ्र, एका ओळीत बसवलेले दात आले कुठून? एक माणूस माझ्या काउंटरसमोर उभा होता, मोबाईल माझ्या पुढ्यात धरून, आणि मोबाईलमध्ये एक बाई हसत होती. गाल गुळगुळीत, नाक धारदार, अंगावर कसलीशी चमचमती साडी. मागे फिकट निळा उजेड. अशा उजेडात आमच्याकडची कुठलीही बाई कधी उभी राहिलेली नाही.

"हिचा मोठा करून हवाय का?" मी विचारलं.

"नाय ओ ताई," तो म्हणाला. "ही माजी आवस नाय."

आई जाऊन आठ दिवस झाले होते. तो मुंबईला एका कंपनीत कामाला, गाव रत्नागिरीपासून आत, तासा-दीड तासाच्या रस्त्यावर. तेराव्याला भिंतीवर लावायला फोटो पाहिजे म्हणून घरात शोधाशोध झाली आणि आईचा एकही धड फोटो निघाला नाही. शेवटी कुठल्याशा सत्यनारायणाच्या फोटोत दोन माणसांच्या खांद्यांमधून दिसणारा तिचा अर्धा चेहरा सापडला. तो मुंबईतल्या चुलतभावाने कुठल्यातरी ॲपमध्ये टाकला आणि दोन मिनिटांत ही बाई बाहेर आली. घरच्या ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडले, फुलं टाकली. काकी किती सुंदर दिसतायत, असंही कोणी कोणी लिहिलं. चुलते म्हणाले, हाच लावू या, चांगला आहे. एकट्या त्याच्या बायकोने फोटो बघून विचारलं, ही कोण?

मी त्याला बसायला सांगितलं आणि दहा मिनिटं नुसती बोलत सुटले. तो बिचारा सुतकात, दाढी वाढलेली, आणि मी त्याच्यावर डाफरत होते. खरं तर त्याच्यावर नव्हतेच. ज्या बाईला सगळ्या आयुष्यात कोणी पाच मिनिटं समोर बसवून नीट बघितलं नाही, ती गेल्यावर तिला दुसऱ्या कोणाचं तरी नाक लावून, दुसऱ्याचे दात बसवून भिंतीवर चढवायचं आणि वर तिला हार घालायचा, हे मला सहनच होत नाही. हे काही त्या ॲपने सुरू केलेलं नाही. माझ्या दुकानात दर महिन्याला एखादा तरी असा येतो. हातात लग्नाचा ग्रुप फोटो, नाहीतर बारशाचा, आणि बोट ठेवून दाखवणार, "ही मागची, हिला काढून द्या." कोणाच्या फेट्याआडून निम्मा गाल, कोणाच्या कडेवरच्या पोराच्या डोक्यावरून दोन डोळे. पुरुषांचे फोटो असतात. स्कूटरला टेकून असतात, शाल-श्रीफळ घेताना असतात, निवृत्तीच्या दिवशी खुर्चीत बसलेले असतात. बाईचा फोटो म्हणजे कायम कोणाच्या तरी मागे, कडेला, हातात तांब्या नाहीतर ताट. आणि म्हाताऱ्या बाईला तुम्ही स्वतःहून म्हणालात, बसा हो जरा, एकटीचा काढते, तर ती तोंडाला पदर लावून हसते. "भितीवर लावायला काडतेस काय गो?" एकटीचा मोठा फोटो आणि मरण यांची आपण एवढी घट्ट गाठ मारून ठेवली आहे की जिवंतपणी कोणी बसतच नाही, आणि मग मेल्यावर ही धावपळ.

"आधारकार्डावरचा?" मी विचारलं.

त्याने तोही दाखवला. तो मी बघितला आणि परत दिला. त्यात एक घाबरलेला काळा डाग होता.

"तुम्ही मुंबईला. व्हिडिओ कॉल करत असाल की घरी."

"करायचो ना. पन ती फोन कानाला लावायची. मला निस्ता तिचा कान दिसायचा, नायतर घराचं वासं."

मग तो जरा पुढे सरकला. "ताई, तुमच्याकडं आसंल. आमचं लगीन तुमीच काडलंत. सहा वर्सं झाली. ती व्हतीच की लग्नात."

मी त्याला ओळखलं नव्हतं, पण त्याने गावाचं नाव घेतलं आणि मला ते लग्न लख्ख आठवलं. आठवणारच. त्या लग्नातला एक फोटो दोन वर्षं माझ्या दुकानाच्या दर्शनी काचेत लागला होता.

"माझ्याकडे आहे," मी म्हणाले. "मी एकही फोटो कधी पुसत नाही. उद्या दुपारी या. तुमची आई तुम्हाला देते."

हे मी कोणत्या तोऱ्यात म्हणाले ते कळायला माझ्या धंद्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी मांडवीच्या रस्त्याला एका गाळ्यात पासपोर्ट फोटोंपासून सुरुवात केली. आमचं घर कारकुनांचं आणि शिक्षकांचं. मुलीने लग्नाला जायचं ते नटून, आहेर घेऊन. गळ्यात कॅमेरा अडकवून, घामाघूम होऊन, जेवणाच्या पंगतीत सगळ्यात शेवटी बसायला नाही, असं आमच्या घरात सगळ्यांचं मत होतं, आणि अजूनही काहींचं आहे. पहिल्या वर्षी मी एका लग्नात मांडवात उभी होते, गळ्यात दोन कॅमेरे, खांद्याला बॅग, आणि मुलीचा मामा मलाच विचारत होता, "फोटोग्राफर अजून आला नाही का?" मी म्हणाले, आला आहे. त्याने माझ्या मागे बघितलं. असं किती वेळा झालं ते मी मोजायचं सोडून दिलं, पण दर वेळी तेवढाच संताप यायचा. ओ फोटोवाल्या बाई, जरा ह्या पोराला धरा. ओ बाई, नवरीच्या निऱ्या नीट करा, तुम्ही बाई आहात म्हणून सांगते. हे सगळं मी पोटात घातलं आणि काम करत राहिले.

आणि माझं काम चांगलं होतं. हे मी सांगायला लाजणार नाही. आमच्याकडची लग्नं मे महिन्यात, चाकरमानी गावाला आले की. अंगणात मांडव, वर रंगीत कापड, त्यातून सगळ्यांच्या तोंडावर लाल नाहीतर हिरवा उजेड, खांबाला ट्यूबलाइट, पंख्याच्या वायरी, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मधे येणारे शंभर मोबाईल. बाकीचे फोटोग्राफर ते सगळं तसंच घ्यायचे. मी नाही. मी आदल्या दिवशी गावात जाऊन मांडव बघायचे, उजेड कुठून येतो ते बघायचे, मालकाशी भांडून ते हिरवं कापड बदलायला लावायचे. लग्न लागताना माझ्या चौकटीत नवरा, नवरी आणि वरून पडणाऱ्या अक्षता, एवढंच. मागे काही नाही, कडेला कोणी नाही. लोक म्हणायला लागले, हिची फ्रेम साफ असते. हा शब्द माझा नव्हे, गिऱ्हाइकांनीच दिलेला. त्यावर माझं नाव झालं. आज आरे-वारेच्या रस्त्यावर वाऱ्यात ओढणी उडवत पळणाऱ्या जोडप्यांचे फोटो काढते, त्यातला निम्मा मूर्खपणा मला पटत नाही तरी काढते. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत आमरसाचे डबे भरणारे कारखाने आहेत, त्यांच्या डब्यांच्या फोटोंचं काम माझ्याकडे येतं. गाळ्याचे दोन गाळे झाले. पावसाळ्यात लेन्सना बुरशी येते म्हणून त्यांच्यासाठी वेगळं कपाट झालं. आणि हे सगळं ज्याच्यावर उभं राहिलं तो फोटो म्हणजे ह्या माणसाच्या लग्नातला. शेवटचं मंगलाष्टक संपलं आहे, दोघांनी मान वर केली आहे, अक्षता हवेतच आहेत, आणि मागे पिवळ्या उजेडाशिवाय काहीही नाही. लोक काचेवर बोट ठेवून सांगायचे, आम्हाला असा पाहिजे.

तेव्हा त्या लग्नातून एक चेहरा काढून देणं मला काही अवघड वाटलं नाही.

तो गेल्यावर मी शटर अर्धं खाली ओढलं, दुपारी तसंही कोणी येत नाही, आणि जुनी हार्डडिस्क लावली. त्या दिवसाचे काढलेले सगळेच्या सगळे फोटो होते. आधी अल्बममध्ये लावलेले बघितले. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. नवऱ्याचे काका-काकू होते, जिकडेतिकडे होते. वडील नव्हते, आई विधवा, त्यामुळे देवकाला, पुण्याहवाचनाला, सगळीकडे काका-काकू बसले होते. सून घरात आली तेव्हा ओवाळायलाही काकू. नवऱ्याची आई अल्बममध्ये नव्हती. मी म्हटलं, ठीक आहे, अल्बममध्ये नसेल, बाकीच्यांत असेल.

बाकीच्यांत ती होती. मला तिचा चेहरा माहीत नव्हता, म्हणून मी त्या अर्ध्या चेहऱ्यावरून आणि कोऱ्या कपाळावरून शोधत होते. हळदीच्या फोटोत खांबामागे एक कोपर आणि फिकट जांभळ्या साडीचा काठ. जेवणाच्या फोटोत पाठ, वाकलेली, हातात भाताची परात. पाहुण्यांच्या ग्रुपमध्ये अगदी कडेला, पण मी तिथे चौकट कापली होती आणि राहिला होता फक्त खांदा. एका फोटोत ती पूर्ण होती, नवरदेवाच्या मागे दारात उभी, चेहरा आतल्या अंधारात, आणि नंतर अल्बमसाठी मी ते दार सॉफ्टवेअरमध्ये बंद केलं होतं. मला ते आठवतही नव्हतं. दोन्ही फोटो शेजारी लावून बघितले तेव्हा कळलं. एकात उघडं दार आणि दारात बाई. दुसऱ्यात बंद दार. फार सफाईने केलं होतं. आता सांगायला लाज वाटते, पण करताना मला ते छान जमलं म्हणून बरंच वाटलं असणार.

मला तेव्हा संताप आला तो त्या काकांचा. त्यांनीच सांगितलं असणार, हिला घेऊ नका. असं सांगतात लोक. कानाशी येऊन सांगतात, "ओ बाई, त्या मधे नको हां." मला ते चेहरेही आठवतात. मी डोक्यात त्या काकांशी भांडायला सुरुवात केली, काय काय बोलायचं ते ठरवलंसुद्धा. आणि त्याच तिरमिरीत लग्न लागतानाचे फोटो उघडले.

शेवटच्या मंगलाष्टकाला मी बटण दाबून धरते. कॅमेरा सेकंदाला पाच-सहा फोटो घेत राहतो, त्यातला एक नंतर निवडायचा. इथे तसे बरेच होते. पहिल्या दोनांत नवरा-नवरी, खाली मान. तिसऱ्यात उजव्या कडेने काहीतरी फिकट जांभळं आत आलं. चौथ्यात ती आलीच, मुठीत अक्षता धरलेली, पार पुढे, मुलाच्या आणि माझ्या मधे. चूल सोडून घाईघाईने आली असावी, पदर खोचलेलाच होता. पाचव्यात तिचा हात वर, अक्षता सुटताहेत. सहाव्यात कॅमेरा उजवीकडे वळलेला आहे. तो का वळला ते मला ताबडतोब कळलं. मी डावा हात लेन्सखालून काढून कोणाला बाजूला व्हायला खुणावलं की कॅमेरा माझ्या उजव्या हातात तसाच कलतो. दर लग्नात हे दहादा होतं. लाउडस्पीकर चालू असतो, बोललेलं ऐकू जात नाही, म्हणून मी सगळ्यांना हातानेच हलवते. मागे. अजून मागे. बास.

हात हलवताना बटण सुटलं असणार, मधे काही सेकंद गेले आहेत; सातवा फोटो तिचा आहे. कॅमेरा तिच्यावर वळला आणि आपसूक तिच्यावरच स्थिर झाला. मागे नवरा-नवरी पुसट. पुढे ती, लख्ख, एकेक सुरकुती दिसेल अशी. एक पाऊल मागे गेली आहे. खोचलेला पदर सोडून तिने दोन्ही खांद्यांवरून नीट ओढून घेतला आहे. ओठ मिटलेले आणि नजर सरळ माझ्याकडे. आठव्यात ती कडेला अर्धी. नवव्यात चौकट रिकामी, दोघांच्या माना वर, अक्षता हवेत. तो नववा फोटो मी काचेत लावला होता.

मला फार वाटत होतं की कोणीतरी मला सांगितलेलं असावं. मी खूप आठवून बघितलं. त्या लग्नात मला कोणीच काही सांगितलं नव्हतं. काका त्या वेळी लांब मांडवाच्या खांबाशी उभे होते, मान खाली, डोळे मिटलेले. पोटच्या पोरावर अक्षता टाकायला आलेल्या आईला मी एकटीने, माझ्या हाताने, माझ्या चौकटीतून बाहेर काढलं होतं. कोणी मामा नव्हे, काका नव्हे, भटजी नव्हे. मी. जिला मांडवात उभी असून लोक विचारायचे, फोटोग्राफर कुठाय. मी खुर्चीवरून उठले, गाळ्यात दोन फेऱ्या मारल्या, आणि इतकी भडकले होते की टेबलावरचं पाणी सांडलं ते पुसलंही नाही.

मग मी आणखी एक वाईट गोष्ट केली, तीही सांगते. मी तो सातवा फोटो उघडला आणि दुरुस्त करायला घेतला. तेराव्याला भिंतीवर लावायचा तर हा चेहरा कसा द्यायचा? हाकललेल्या माणसाचा चेहरा. मी प्रत्येक नवरीचे ओठ केसभर वर उचलते, डोळ्याखालचं काळं काढते, कोणाला कळतही नाही. तसंच केलं. ओठांची टोकं जराशी वर घेतली. कपाळावरची आठी मोकळी केली. डोळ्यांत थोडा उजेड टाकला. लांब होऊन बघितलं तर समोर तीच बाई होती, मोबाईलमधली, दात तेवढे झाकलेले. आठ दिवसांच्या सुतकातल्या माणसासमोर मी ज्या ॲपला दहा मिनिटं शिव्या घातल्या होत्या, तेच मी बसून जास्त वेळ लावून करत होते. सगळं पुसलं आणि फोटो होता तसा ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो दुपारच्या एसटीने आला. मी त्याला आतल्या खुर्चीत बसवलं, स्क्रीन त्याच्याकडे वळवली, पण फोटो उघडला नाही.

"दाखवण्याआधी एक सांगायचंय," मी म्हणाले. आणि सगळं सांगितलं. अल्बममध्ये आई का नाही, ते दार, ती अक्षता टाकायला पुढे आली ते, आणि मी हाताने काय केलं ते. मऊ करून काही सांगितलं नाही. "तुमच्या आईचा धड फोटो माझ्याकडे हा एकच आहे," मी म्हणाले, "आणि तो मी तिला बाजूला काढत होते तेव्हाचा आहे. तुम्हाला नको असेल तर मला वाईट वाटणार नाही. तुम्ही मला बोललात तरी चालेल."

मला खरोखर वाटत होतं की त्याने बोलावं. मी फोटो उघडला.

तो स्क्रीनजवळ वाकला. मग हसला. मला त्या हसण्याचा इतका राग आला की मी म्हणाले, "हसताय काय?"

"हाच तो," तो म्हणाला.

"हाच तो म्हणजे?"

"ती बोलायची ना. माजा एक फोटो हाय बोलायची. लग्नात त्या बाईंनी काडलान. मला हातान मागं सरकवलान, नीट हुबी केलान, आनि एकलीचा काडलान."

मी स्क्रीनकडे बघितलं. पदर दोन्ही खांद्यांवरून नीट घेतलेला. एक पाऊल मागे, जेवढं मी हाताने सांगितलं तेवढंच. पाठ ताठ. ओठ मिटलेले, मिसरीचे दात दिसू नयेत म्हणून. नजर सरळ लेन्समध्ये. इतकी वर्षं मी माणसांना फोटोसाठी उभं करते, हजारो माणसं अशीच उभी राहिलेली बघितली, त्यावर माझं पोट चालतं. ही बाई फोटोसाठी उभी राहिली आहे हे मला आदल्या दुपारी तासभर बघूनही दिसलं नव्हतं. मला फक्त माझा हात दिसत होता.

"अल्बम आला तवा मी मुंबैला व्हतो," तो सांगत होता. "बायको सांगते, आवशीन पयल्या पानापासून बघितलान. शेवटाक गेली, मग परत पयल्यापासून. मग बोलली, माजा नाय ह्यात, ऱ्हायला आसंल त्या बाईंकडं."

"मग?"

"मग दर मे महिन्यात मला सांगायची. रत्नागिरीत जाशील तवा त्यांच्याकडं जा, माजा तेवडा मागून आन. सोता आली नाय कदी. तुमचा टाइम कशाला खायचा, बोलायची."

"आणि तुम्ही?" मी जवळजवळ ओरडलेच. रस्त्यावरचा माणूस थांबून आत बघायला लागला. "सहा वर्षं! तुम्ही का नाही आलात?"

त्याने आईवरची नजर काढली नाही.

"मला वाटलं तिला उगीच वाटतंय," तो म्हणाला. "तिचा कशाला कोन काडील एकलीचा?"

मी आणखी बोलणार होते. पण त्याचं काही चुकलं नव्हतं. तिचा एकटीचा फोटो कोणीच काढला नव्हता.